अटी कमी करा, पर्यायी शब्द वाढवा: विंचूदंशावरील संशोधन पबमेडमध्ये कसे शोधावे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी कोकणातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लाल विंचू चावलेल्या मुलांची ग्रामीण रुग्णालयात होणारी शुश्रूषा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा फार तोकडा आहे, असे सांगून मार्गदर्शक बाईंनी माझे प्रकरण परत केले. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये मी विषयाचे पूर्ण वाक्य टाइप केले तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही आणि नुसते 'स्कॉर्पियन' लिहिले तर हजारो लेख येतात, ज्यांतील कित्येकांचा विंचू चावण्याशी काही संबंध दिसत नाही. ग्रंथालयात विचारले तर 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च वापरा' एवढेच सांगितले. ते पान उघडते, पण तिथे नेमके काय भरायचे ते समजत नाही. एक गृहस्थ पैसे घेऊन आढावा लिहून द्यायला तयार आहेत. मैत्रिणी म्हणतात, एआयला विचार. मी काय करावे?

सल्ला

सप्रेम नमस्कार. तुमचा विषय महत्त्वाचा आहे आणि त्यावर वाचण्यासारखे पुष्कळ लिहिलेही गेले आहे; ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण शोध मांडण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत शिकता येते. ज्या दोन अनुभवांविषयी तुम्ही लिहिले आहे, त्यांचे मूळ एकच आहे. पबमेडमध्ये शब्द एकापुढे एक लिहिले की त्या प्रत्येक शब्दाची अट होते. मुले, लाल विंचू, शुश्रूषा, ग्रामीण रुग्णालय आणि कोकण असे सगळे एका वाक्यात लिहिले, तर ज्या नोंदीत हे सगळे एकत्र सापडेल तीच नोंद समोर येते. शिवाय पबमेड संपूर्ण लेख वाचत नाही. ते पाहते ती लेखाची नोंद, म्हणजे शीर्षक, असल्यास सारांश, लेखकांची नावे व पत्ते, आणि नोंदीला जोडलेली विषयशीर्षके. लेखाच्या आत तिसऱ्या पानावर 'ग्रामीण रुग्णालय' असे स्पष्ट लिहिलेले असले, तरी या शोधाला ते दिसत नाही.

म्हणून पहिले काम कागदावर करा, संगणकावर नाही. तुमच्या विषयात चार कल्पना आहेत: विंचूदंश, मुले, शुश्रूषा आणि कोकण. यांपैकी किती कल्पना शोधाच्या अटी म्हणून ठेवायच्या, हे तुम्हाला ठरवायचे आहे. माझे स्पष्ट मत असे की सुरुवात फक्त पहिल्या कल्पनेने करावी आणि फार तर दुसरी जोडावी. विंचूदंशाच्या उपचारांवरील साहित्य मधुमेहासारखे अफाट नाही. नीट मांडलेल्या शोधातून आलेल्या लेखांची शीर्षके व सारांश एका विद्यार्थिनीला धीराने वाचून काढता येतात, आणि त्यांतील कोणता लेख शुश्रूषेला उपयोगी आहे, हे तुमच्याइतके यंत्राला कळणार नाही. शोध मांडताना अटी कमी ठेवाव्यात आणि प्रत्येक अटीतील पर्यायी शब्द वाढवावेत. बहुतेक विद्यार्थी याच्या नेमके उलट करतात.

कोकण ही अट सुरुवातीला का नको, ते एका उदाहरणावरून पाहू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांच्या पूर्वलक्षणांविषयीचा लेख 1982 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराविषयीचे त्यांचे लेखन त्याच नियतकालिकात 1986 मध्ये छापून आले. विंचूदंशाने फुप्फुसात पाणी होऊन होणारे मृत्यू ज्या उपचाराने मोठ्या प्रमाणात कमी झाले, त्याची ही सुरुवात आहे. तुमच्या आढाव्यात हे दोन्ही असायलाच हवेत. आता त्यांची शीर्षके पाहा. 'रेड स्कॉर्पियन स्टिंग' हे शब्द पहिल्या शीर्षकात आहेत, पण कोकण, रायगड, महाड किंवा महाराष्ट्र यांपैकी एकही नाव दोन्ही शीर्षकांत नाही. लेखकांचे पत्ते पबमेडच्या नोंदीत येऊ लागले ते 1988 पासून, तेही प्रथम लेखकापुरते. सर्व लेखकांचे पत्ते 2014 पासून येतात. त्यामुळे शीर्षक, सारांश आणि पत्ता यांत कोकण हा शब्द असलाच पाहिजे अशी अट घातली, की कोकणात झालेले सर्वांत महत्त्वाचे काम तुमच्या यादीतून गळते. जुन्या नोंदी आणि संपादकांना लिहिलेली पत्रे यांना पुष्कळदा सारांशच नसतो, त्यामुळे अशा नोंदीत शब्द जुळण्याची जागा फक्त शीर्षकाएवढी उरते.

आता शब्दांकडे वळू. विंचूदंशासाठी संशोधक कोणते शब्द वापरतात, याची यादी तुम्ही करायची आहे, आणि ती आपल्या मनातील शब्दांवरून न करता छापील लेखांतील शब्दांवरून करायची आहे. हाताशी असलेले चार-पाच चांगले लेख घ्या आणि त्यांच्या शीर्षकांत व सारांशांत या गोष्टीला काय काय म्हटले आहे ते लिहून काढा. कुणी 'स्टिंग' लिहितो, कुणी 'एनव्हेनमेशन', जागतिक आरोग्य संघटनेच्या वळणाने लिहिणारा 'एनव्हेनमिंग' लिहितो, आणि काही जण एकाच शब्दात 'स्कॉर्पियनिझम' म्हणून मोकळे होतात. प्रतिविषासाठी 'अँटिव्हेनम' आणि 'अँटिव्हेनिन' असे दोन्ही शब्द चालतात. फुप्फुसातील सूज म्हणजे 'एडीमा' हा शब्द ब्रिटिश लेखनात एक अक्षर जास्त घेऊन सुरू होतो आणि अमेरिकी लेखनात ते अक्षर नसते, तर बालरोगविषयक 'पेडिअॅट्रिक' या शब्दात असेच एक जास्तीचे अक्षर मधोमध येते. असे सर्व पर्याय एका कंसात 'ऑर'ने, म्हणजे 'यांपैकी कोणताही चालेल' असे सांगून, जोडावे लागतात.

लाल विंचवाच्या शास्त्रीय नावाची गोष्ट तर नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या लेखांत हा विंचू 'बुथस टॅमुलस' आहे, त्यानंतरच्या कित्येक लेखांत 'मेसोबुथस टॅमुलस', आणि अलीकडच्या वर्गीकरणात 'हॉटेनटोटा टॅमुलस'. डॉ. बावस्कर दांपत्याने प्राझोसिनसोबत प्रतिविष देण्याची आणि नुसते प्राझोसिन देण्याची तुलना केली, तो 2011 मध्ये 'बीएमजे'त आलेला अभ्यास मेसोबुथस या नावाने आहे. तुम्ही फक्त आजचे नाव लिहून शोध घेतलात तर तो अभ्यास या नावाने सापडणार नाही. प्रजातीचे नाव बदलत गेले, पण 'टॅमुलस' हे जातीचे नाव कायम राहिले, म्हणून तो एकच शब्द शोधात घातला की तिन्ही काळांतले लेख एकत्र येतात. प्राणी आणि वनस्पती यांच्या विषयांत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती जवळ ठेवावी.

शब्दाच्या मुळापुढे तारांकित चिन्ह लावले की त्या मुळापासून होणारी सगळी रूपे एकदम शोधता येतात, हे तुम्ही वर्गात ऐकले असेल. 'एनव्हेनम' या मुळाला तारा लावला की एनव्हेनमेशन, एनव्हेनमिंग, एनव्हेनम्ड हे सारे येतात, आणि इथे ही सोय उत्तम चालते. पबमेडमध्ये ताऱ्याआधी निदान चार अक्षरे असावी लागतात आणि तारा शब्दाच्या आरंभी लावता येत नाही, एवढे दोन नियम पाळा. पण हीच सोय 'स्कॉर्पियन' आणि 'स्टिंग' या दोन शब्दांना लावून पाहा. स्कॉर्पियनपुढे तारा लावला की 'स्कॉर्पियनफिश' हा विषारी काट्यांचा मासा आत येतो. स्टिंगपुढे तारा लावला की 'स्टिंगरे' म्हणजे पाकट येते आणि 'स्टिंगलेस' मधमाश्याही येतात. दोन्ही तारे एकाच शोधात लावले तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना झालेल्या माशांच्या दंशांचे लेख तुमच्या विंचवांत मिसळतात. आणि गंमत म्हणजे, इतके करूनही 'स्टंग' हे भूतकाळी रूप मिळतच नाही, कारण त्यात मधला स्वर बदलतो. अशा वेळी तारा सोडून द्यावा आणि स्कॉर्पियन, स्कॉर्पियन्स, स्कॉर्पियनिझम, स्टिंग, स्टिंग्ज, स्टंग ही रूपे एकेक करून लिहावीत. नुसत्या 'स्कॉर्पियन'ने तुम्हाला भलतेच लेख का मिळाले, याचे एक कारणही इथेच सांगतो: जनुकातील बदल ओळखण्याच्या एका प्रयोगशाळा-तंत्रालाही 'स्कॉर्पियन' हे नाव आहे, आणि कर्करोगाच्या चाचण्यांवरील लेखांत ते येते. त्याशिवाय विंचवाच्या विषातील घटकांवर प्रयोगशाळेत चालणारे मूलभूत संशोधन भरपूर आहे, ज्याचा रुग्णाच्या खाटेशी थेट संबंध नाही.

इथपर्यंत आपण लेखकांच्या शब्दांविषयी बोललो. दुसरी वाट विषयशीर्षकांची आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 पासून वैद्यकीय विषयांची एक नियंत्रित शब्दावली चालवली आहे, तिला 'मेश' म्हणतात. लेखकाने काहीही शब्द वापरलेला असो, लेख ज्या विषयाचा आहे त्या विषयाचे ठरलेले शीर्षक त्याच्या नोंदीला जोडले जाते. पबमेडच्या मुख्य पानावरून मेशचा स्वतंत्र डेटाबेस उघडता येतो. तिथे 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' शोधा, त्या शीर्षकाची व्याख्या वाचा, आणि ते कोणत्या मोठ्या शीर्षकाखाली येते ते झाडासारख्या मांडणीत पाहा. मोठे शीर्षक निवडले की त्याखालची सर्व लहान शीर्षके आपोआप शोधात सामील होतात. मुलांच्या बाबतीत मात्र जपा: 'चाइल्ड' हे शीर्षक 6 ते 12 वर्षांसाठी आहे, 2 ते 5 वर्षांचे 'चाइल्ड, प्रीस्कूल' त्याच्याखाली येते, पण तान्ह्या बाळांचे 'इन्फंट' आणि 13 ते 18 वर्षांचे 'अॅडोलेसंट' ही शीर्षके वेगळी आहेत आणि ती स्वतंत्रपणे जोडावी लागतात.

मग केवळ विषयशीर्षकांवर विसंबून का राहू नये? याची दोन कारणे आहेत. एक तर 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' हे शीर्षक शब्दावलीत तुलनेने उशिरा आले. त्याआधीचे लेख 'स्कॉर्पियन्स', 'स्कॉर्पियन व्हेनम्स', 'बाइट्स अँड स्टिंग्ज' अशा शीर्षकांखाली विखुरलेले आहेत. दुसरे असे की पबमेडमधील प्रत्येक नोंदीला मेशची शीर्षके मिळतातच असे नाही; नुकत्याच आलेल्या काही नोंदी आणि मेडलाइन या पबमेडमधील निवडक नियतकालिकांच्या सूचीबाहेरचे लेख त्यांच्याविनाच राहतात. म्हणून अनुभवी ग्रंथपाल दोन्ही वाटा एकत्र चालतात: एका कंसात विषयशीर्षके, दुसऱ्या कंसात लेखकांचे शब्द, आणि दोन्ही कंस 'ऑर'ने जोडलेले. तुमच्या पहिल्या कल्पनेचा शोध साधारण असा होईल. इथे तो देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना रोमन लिपीत लिहा आणि अँड (दोन्ही हवेत), ऑर (कोणतेही एक चालेल), नॉट (हे नको) हे जोडशब्द मोठ्या अक्षरांतच लिहा.

("स्कॉर्पियन स्टिंग्ज"[एमएच] ऑर ("स्कॉर्पियन्स"[एमएच] अँड "बाइट्स अँड स्टिंग्ज"[एमएच])) ऑर ((स्कॉर्पियन[टीआयएबी] ऑर स्कॉर्पियन्स[टीआयएबी] ऑर टॅमुलस[टीआयएबी]) अँड (स्टिंग[टीआयएबी] ऑर स्टिंग्ज[टीआयएबी] ऑर स्टंग[टीआयएबी] ऑर एनव्हेनम*[टीआयएबी])) ऑर स्कॉर्पियनिझम[टीआयएबी]

चौकटी कंसातील 'एमएच' म्हणजे हा शब्द विषयशीर्षक म्हणून शोधा, आणि 'टीआयएबी' म्हणजे शीर्षक व सारांश यांत मुख्यत्वे शोधा. ही खूण लावली नाही, तर पबमेड तुमच्या शब्दाचा स्वतःच अर्थ लावते आणि त्यात आपल्या परीने शब्द वाढवते. घाईच्या शोधात ते सोयीचे असते. प्रबंधाच्या शोधात आपण नेमके काय विचारले ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चच्या पानावर खाली 'हिस्टरी' असते आणि प्रत्येक शोधाच्या ओळीत 'डिटेल्स' उघडता येते; पबमेडने तुमच्या शब्दांचे काय केले ते तिथे अक्षरशः लिहिलेले असते. तुमचे पूर्ण वाक्य पुन्हा एकदा टाइप करून ते 'डिटेल्स' वाचून पाहा. हे पान कशासाठी आहे, ते त्या एका वाचनात समजेल. याच हिस्टरीत प्रत्येक शोधाला क्रमांक मिळतो, त्यामुळे एकेक कल्पना स्वतंत्रपणे शोधून नंतर केवळ क्रमांकांनी, म्हणजे पहिला अँड दुसरा अशा प्रकारे, जोडता येते. लांबलचक ओळ एका दमात लिहिण्यापेक्षा हे बरे, कारण चूक कोणत्या तुकड्यात आहे ते लगेच कळते.

दोन शब्द एकमेकांच्या जवळ असावेत, अशी अटही नोव्हेंबर 2022 पासून पबमेडमध्ये घालता येते. 'स्टंग बाय अ रेड स्कॉर्पियन' या शब्दांत स्टंग आणि स्कॉर्पियन यांच्यामध्ये तीन शब्द आहेत; अवतरणात हे दोनच शब्द लिहून खुणेत टीआयएबीनंतर विसर्गचिन्ह, लहरी रेघ आणि 3 हा आकडा दिला, की मध्ये जास्तीत जास्त तीन शब्द असलेल्या आणि कोणत्याही क्रमाने आलेल्या जोड्या मिळतात. यात ताऱ्याचा उपयोग होत नाही. तुमच्या विषयाला याची फारशी गरज नाही. पण नुसत्या अँडने फार पसारा येऊ लागला, तर हे साधन हाताशी असू द्या.

कंसांविषयी हयगय करू नका. पबमेड जोडशब्द डावीकडून उजवीकडे सोडवते. 'स्कॉर्पियन ऑर मेसोबुथस अँड प्राझोसिन' असे कंसाविना लिहिले, तर पहिल्या दोघांचा गट होतो आणि त्याला प्राझोसिनची अट लागते. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र अँड आधी सोडवले जाते, म्हणून तीच ओळ तिथे स्कॉर्पियनचे सगळे लेख आणि शिवाय मेसोबुथस व प्राझोसिन एकत्र असलेले लेख आणते. ओळ तीच असली तरी उत्तरे निराळी येतात, आणि चूक झाली आहे असे पडद्यावर कुठेही लिहून येत नाही.

'नॉट' या जोडशब्दापासून शक्यतो दूर राहा. सर्पदंशाचे लेख नकोत म्हणून 'नॉट स्नेक' लिहावेसे वाटेल. पण भारतातील रुग्णालयांतून आलेल्या कित्येक लेखांत साप आणि विंचू या दोन्हींच्या दंशांचे रुग्ण एकत्र मांडलेले असतात, आणि ग्रामीण रुग्णालयाची खरी परिस्थिती तशाच लेखांत सापडते. ते सगळे एका शब्दाने पुसले जातील. डाव्या बाजूच्या तयार फिल्टरांचेही तसेच आहे. 'ह्यूमन्स' किंवा वयाचे फिल्टर मेशच्या शीर्षकांवर चालतात, म्हणून ज्या नोंदींना शीर्षके नाहीत त्या सगळ्या, म्हणजे पुष्कळदा सर्वांत ताज्या नोंदी, फिल्टर दाबताच नाहीशा होतात. वयाचा फिल्टर दाबण्याऐवजी मुलांची कल्पना शब्द आणि शीर्षके मिळून स्वतः लिहा. प्राण्यांवरील प्रयोग वगळायचेच असतील, तर 'नॉट' लिहून त्यापुढे कंसात 'अॅनिमल्स'[एमएच] नॉट 'ह्यूमन्स'[एमएच] असे लिहावे. यामुळे ज्यांवर केवळ प्राण्यांचे शीर्षक आहे त्याच नोंदी जातात आणि शीर्षकाविना असलेल्या राहतात. नॉटचा एवढाच उपयोग मी निर्धास्तपणे सुचवीन.

शोध बरा झाला की नाही, हे कसे ओळखायचे? किती लेख आले यावरून ते ठरत नाही. तुम्हाला आधीच ठाऊक असलेले आणि यादीत असायलाच हवेत असे लेख, म्हणजे 1982, 1986 आणि 2011 चे वर सांगितलेले तीन आणि मार्गदर्शक बाईंनी सुचवलेले आणखी काही, त्यांचे पबमेड क्रमांक लिहून घ्या. ते क्रमांक 'ऑर'ने जोडून एक शोध करा आणि हिस्टरीत तो तुमच्या मुख्य शोधाशी 'अँड'ने जोडा. सगळे लेख परत आले तर ठीक. एखादा आला नाही तर तिथेच थांबा, त्याची नोंद उघडा, तिच्या शीर्षकात आणि विषयशीर्षकांत कोणता शब्द आहे जो तुमच्या ओळीत नाही ते पाहा, आणि तो शब्द ओळीत घाला. वर दिलेली ओळसुद्धा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वापरू नका. तिलाही हीच कसोटी लावा. संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा वेळ हाच आहे, आणि विद्यार्थी नेमकी हीच पायरी सोडतात.

स्थानिक संदर्भांसाठी एक वेगळा, लहान शोध करा आणि तो मुख्य शोधाची अट म्हणून न जोडता शेजारी ठेवा. तिथे जिल्ह्यांच्या नावांचा इतिहास लक्षात घ्यावा लागेल. रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता, म्हणून त्याआधीच्या लेखनात कुलाबा हेच नाव मिळेल. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा सावंतवाडी-कुडाळकडचे जुने काम रत्नागिरीच्या नावावर असू शकते. रोमन लिपीत रायगडच्या शेवटी कुणी 'ड' लिहितो तर कुणी 'ढ' वाटेल असे लिहितो, आणि दुसऱ्या लेखनाने छत्तीसगडमधील रायगढही येते. कोकण हा शब्दही रोमन लिपीत अनुस्वारासह, अनुस्वाराविना आणि जुन्या इंग्रजी वळणाने 'सी' अक्षराने असा तिन्ही प्रकारे लिहिलेला आढळतो.

पबमेडनंतर तुमच्यासाठी दुसरा महत्त्वाचा डेटाबेस म्हणजे 'सिनाल', कारण तो शुश्रूषाशास्त्राचाच आहे आणि त्याची विषयशीर्षके वेगळी आहेत. तुमच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्याची वर्गणी आहे का, ते विचारा. तिथे जवळच्या शब्दांसाठी 'एन' अक्षर आणि आकडा लिहितात, म्हणजे एन3. क्रमही तोच हवा असेल तर 'डब्ल्यू' आणि आकडा. पबमेडची ओळ तिथे जशीच्या तशी चिकटवू नका. खुणा बदलाव्या लागतात, शब्द मात्र तेच राहतात. गूगल स्कॉलर मी शेवटी ठेवीन: तिथे एका शोधाचे पहिले 1000 निकालच पाहता येतात, तारांकित चिन्हाने शब्दाची रूपे मिळत नाहीत आणि आजचा क्रम उद्या तसाच राहील याची हमी नसते. पण 1986 च्या त्या लेखाखाली 'साइटेड बाय' दाबून त्याचा आधार पुढे कुणी घेतला हे पाहण्यासाठी ते फार उपयोगी आहे. भारतीय प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचे 'शोधगंगा' हे ऑनलाइन भांडार पाहा. पूर्ण लेख मिळवण्याबाबत असे: तुमचे महाविद्यालय शासकीय असेल, तर 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके वाचण्याची सोय आहे, महाविद्यालयाची नोंदणी झाली आहे का ते ग्रंथालयात विचारून घ्या. 2011 चा 'बीएमजे'तील अभ्यास तर कुणालाही विनामूल्य वाचता येतो.

पैसे घेऊन आढावा लिहून देणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्या. तो अप्रामाणिकपणा ठरेलच, पण त्याहून तातडीचे कारण असे की तोंडी परीक्षेत 'हे लेख कसे निवडलेत?' असे विचारले गेले, तर उत्तर तुमच्यापाशी नसेल. एआयच्या बाबतीत माझा सल्ला थोडा वेगळा आहे. पर्यायी शब्द सुचवण्यासाठी त्याची मदत जरूर घ्या. 'एनव्हेनमेशनला आणखी काय म्हणतात?' या प्रश्नाला ते बहुधा बरे उत्तर देईल. मात्र लेखांची यादी त्याच्याकडून घेऊ नका, कारण खरे वाटणारे शीर्षक, खरे वाटणारे लेखक आणि वर्ष जोडून ते अस्तित्वात नसलेला लेखही पुढे करू शकते. त्याने नाव दिलेला प्रत्येक लेख पबमेडमध्ये उघडून पाहिल्याशिवाय प्रबंधात येता कामा नये. आणि जो लेख उघडला, तो वाचल्याशिवायही येऊ नये. रुग्णसेवेच्या विषयात हे फार गंभीर आहे, कारण तुमच्या प्रबंधातील औषधाची मात्रा उद्या कुणी परिचारिका खरी धरून चालेल.

एक वही किंवा एक फाइल फक्त शोधांसाठी ठेवा. डेटाबेसचे नाव, शोध चालवल्याची तारीख, संपूर्ण ओळ कंसांसकट, आलेल्या नोंदींची संख्या आणि त्यांतून काय आणि का वगळले, हे सगळे तिथे त्याच दिवशी लिहा. पद्धतशीर आढाव्यांसाठीच्या 'प्रिझ्मा 2020' या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक डेटाबेसची पूर्ण शोध-ओळ द्यावी, असे म्हटले आहे. तुमचा प्रबंध पद्धतशीर आढावा नसला तरी परिशिष्टात ही ओळ जोडा. मार्गदर्शक बाईंना पुढच्या भेटीत प्रकरणाआधी हेच पान दाखवा आणि कोणता शब्द राहिला ते विचारा. ग्रंथपालांकडेही हेच पान घेऊन जा. 'लेख कसे शोधू?' या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरापेक्षा 'ही ओळ तपासून द्याल का?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर कितीतरी नेमके असते, आणि बहुतेक ग्रंथपाल ते आनंदाने देतात.

पबमेडवर विनामूल्य खाते उघडून शोध जतन केला, की त्या ओळीत बसणारा नवा लेख आल्यावर ई-मेल येण्याची सोय होते. ती आजच करून ठेवा. प्रबंध सादर करण्यापूर्वी शेवटच्या आठवड्यात सगळे शोध पुन्हा एकदा चालवा, मधल्या काळात आलेले लेख वाचून प्रकरणात घाला आणि परिशिष्टातील तारीख बदलायला विसरू नका.